ॲझो पीत रंगद्रव्ये

ॲझो पीत रंगद्रव्ये : कार्बनी रसायनशास्त्रातील डायाझोकरण व युग्मन या दोन विक्रियांनी तयार होणाऱ्या, पाण्यात न विरघळणाऱ्या पिवळ्या रंगद्रव्यांचा गट. भिंतीचे रंगलेप, छपाईची शाई, रंगीत पेन्सिली, खडू, प्लॅस्टिक, रबर व कापडावरील छपाई यांत दिसणारा पिवळा रंग बहुतांशी या गटातील रंगद्रव्यांचा असतो. गटातील सर्वांत जुने व प्रातिनिधिक रंगद्रव्य ‘हॅन्सा यलो जी’ या नावाने प्रसिद्ध आहे. हे मूळचे व्यापारी नाव असून बाजारात त्याचा उच्चार ‘हंसा’ असा होत असला, तरी हंस या पक्ष्याशी त्याचा संबंध नाही. रंगांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत त्यास ‘पिगमेंट यलो १’ असे नाव व ११६८० हा संरचना क्रमांक दिलेला आहे.

रंजकद्रव्य व रंगद्रव्य यांत महत्त्वाचा भेद आहे. रंजकद्रव्य पाण्यात वा अन्य विद्रावात विरघळते व धाग्याच्या अंतर्भागात शिरते. रंगद्रव्य हे विरघळत नाही. त्याचे सूक्ष्म कण तेल, रेझीन, डिंक किंवा प्लॅस्टिक अशा माध्यमात विखुरलेले राहतात व माध्यमच त्यांना पृष्ठभागावर धरून ठेवते. त्यामुळे रंगद्रव्याची गुणवत्ता केवळ त्याच्या रेणूवर अवलंबून नसून कणांचा आकार, आकारमान व स्फटिकरूप यांवरही अवलंबून असते.

पूर्वेतिहास : पिवळ्या रंगासाठी माणसाने प्रथम मातीचा आश्रय घेतला. सजल लोह ऑक्साइडयुक्त पिवळी माती (पिवडी, रामरज) अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत वापरलेली आहे. हरताळ या आर्सेनिकाच्या सल्फाइडाचा उपयोग चित्रांत तसेच पोथ्यांत होत असे. हस्तलिखितातील चुकीच्या मजकुरावर हरताळाचा लेप देऊन तो झाकीत व त्यावर पुन्हा लिहीत. मराठीतील ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार या प्रथेतून आला आहे. हळदीचा रंग तेजस्वी असला, तरी उन्हात तो लवकर उडतो. माती टिकाऊ पण मंद, हरताळ तेजस्वी पण विषारी, वनस्पतिज रंग सुंदर पण अल्पजीवी अशी ही स्थिती होती. तेजस्वी, टिकाऊ, स्वस्त व निर्धोक हे चारही गुण एकत्र असलेले पीत रंगद्रव्य निसर्गात आढळत नाही. संश्लेषित पीत रंगद्रव्यांचा पुढील इतिहास हा या चार गुणांचा मेळ घालण्याच्या प्रयत्नांचा इतिहास होय.

या प्रयत्नांतील पहिले मोठे यश क्रोम पीत हे होते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ल्वी नीकॉला व्होक्लँ यांनी सायबीरियातील तांबड्या शिशाच्या खनिजातून १७९७ मध्ये क्रोमियम या मूलद्रव्याचा शोध लावला. शिशाच्या विद्राव्य लवणाच्या विद्रावात क्रोमेटाचा विद्राव मिसळला असता लेड क्रोमेटाचा गडद पिवळा साका मिळतो, हे त्यांच्याच संशोधनातून पुढे आले व एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या साक्याचे रंगद्रव्य म्हणून उत्पादन सुरू झाले. ते स्वस्त, तेजस्वी व उत्तम आच्छादनक्षमता असलेले होते. भारतातील रंगाच्या दुकानांत ‘लेमन क्रोम’, ‘मिडल क्रोम’ व ‘ऑरेंज क्रोम’ या छटांनी ते दीर्घकाळ परिचित राहिले. तथापि शुद्ध लेड क्रोमेटात वजनाने सु. ६४ टक्के शिसे असते. शिवाय त्यातील षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. प्रकाशात ते काळवंडतेही. व्हिन्सेंट व्हॅन गॉख यांच्या चित्रांतील पिवळा रंग तपकिरी होण्याचे कारण २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्ष-किरण संशोधनाने स्पष्ट झाले : प्रकाशामुळे पृष्ठभागावरील षट्संयुजी क्रोमियमाचे त्रिसंयुजी क्रोमियमात क्षपण होते. कॅडमियम सल्फाइड हे दुसरे अकार्बनी पीत रंगद्रव्य अधिक टिकाऊ आहे. परंतु ते महाग असून कॅडमियमही विषारी आहे.

ॲझो रंगांचा शोध : जर्मन रसायनशास्त्रज्ञ पीटर ग्रीस यांनी १८५८ मध्ये डायाझो संयुगांचा शोध लावला. ॲनिलिनासारख्या ॲरोमॅटिक अमाइनावर थंड अवस्थेत नायट्रस अम्लाची विक्रिया केली असता एक अस्थिर पण अत्यंत क्रियाशील लवण मिळते. या लवणाचा योग्य अशा दुसऱ्या संयुगाशी संयोग घडविल्यास, दोन नायट्रोजन अणूंच्या जोडीने सांधलेला रंगीत रेणू तयार होतो. विल्यम हेन्री पर्किन यांनी मॉव्ह हा पहिला संश्लेषित रंजक १८५६ मध्ये मिळविला होता. पण तो बराचसा योगायोगाने हाती आला होता. ग्रीस यांच्या विक्रियेमुळे मात्र रसायनशास्त्रज्ञांना दोन घटक बदलून हव्या त्या छटेचा रंग योजता येऊ लागला. आज वापरात असलेल्या कार्बनी रंगांपैकी निम्म्याहून अधिक ॲझो गटातील आहेत.

या मार्गाने टिकाऊ पीत रंगद्रव्य मिळविण्याचे श्रेय हेर्मान व्हाग्नर यांना दिले जाते. जर्मनीतील फ्रँकफुर्टजवळच्या होख्स्ट येथील माइस्टर, लूत्स्यूस व ब्रूनिंग या कंपनीत (स्थापना १८६३) काम करीत असताना त्यांनी १९०९ मध्ये हॅन्सा यलो जी तयार केले आणि पुढील वर्षी ते बाजारात आले. याच पद्धतीने घटक बदलून हॅन्सा यलो १०जी (पिगमेंट यलो ३) ही हिरवट पिवळी छटा व इतर छटा मिळाल्या. शिसे, आर्सेनिक वा कॅडमियम यांपैकी काहीही नसलेले तेजस्वी व प्रकाशात बऱ्यापैकी टिकणारे पीत रंगद्रव्य यामुळे प्रथमच विपुल प्रमाणात उपलब्ध झाले.

रसायनशास्त्र : हॅन्सा यलो जी याच्या रेणूत कार्बनाचे १७, हायड्रोजनाचे १६, नायट्रोजनाचे ४ व ऑक्सिजनाचे ४ अणू असतात, रेणुभार सु. ३४० आहे. त्याचे दोन घटक पुढीलप्रमाणे आहेत : (१) मेटा-नायट्रो-पॅरा-टोल्युइडीन हे अमाइन (व्यवहारात ‘एमएनपीटी’), (२) ॲसिटोॲसिटॅनिलाइड हा युग्मनघटक. दुसरा घटक ॲनिलीन व डायकिटीन यांच्या विक्रियेने मिळतो.

पहिल्या विक्रियेत अमाइन हायड्रोक्लोरिक अम्लात कालवून त्यात बर्फ टाकतात व तापमान ०° ते ५° से. च्या दरम्यान ठेवून सोडियम नायट्राइटाचा विद्राव सोडतात. यास डायाझोकरण म्हणतात. तापमान वाढल्यास डायाझो लवणाचे विघटन होऊन नायट्रोजन वायू निघून जातो व रंग मळकट येतो. कोरडे डायाझो लवण स्फोटक असते. म्हणून ते कधीही विद्रावातून वेगळे न काढता लगेच वापरतात. दुसऱ्या विक्रियेत ॲसिटोॲसिटॅनिलाइड दाहक सोड्याच्या विद्रावात विरघळवून ॲसिटिक अम्लाने त्याचा अतिसूक्ष्म साका पाडतात आणि त्यात डायाझो विद्राव हळूहळू सोडतात. यास युग्मन म्हणतात. माध्यम सौम्य अम्लीय राखणे येथे आवश्यक असते. ते अधिक अम्लीय झाल्यास युग्मन मंदावते व अधिक क्षारीय झाल्यास डायाझो लवण बिघडते.

या रेणूंना ‘ॲझो’ म्हणत असले, तरी १९७० नंतर झालेल्या क्ष-किरण स्फटिकविज्ञानीय अभ्यासावरून असे दिसून आले की, घन स्थितीत ते हायड्रॅझोन या रूपात असतात. म्हणजे दोन नायट्रोजन अणूंपैकी एकावर हायड्रोजन असतो. हा हायड्रोजन रेणूतीलच ऑक्सिजन अणूंशी बंध जोडतो, त्यामुळे संपूर्ण रेणू जवळजवळ सपाट राहतो. असे सपाट रेणू पत्त्यांच्या कॅटाप्रमाणे एकमेकांवर दाटीने रचले जातात व म्हणूनच ते पाण्यात विरघळत नाहीत. प्रकाशातील जांभळा व निळा भाग हे रेणू शोषून घेतात व उरलेला भाग परावर्तित होतो, तोच डोळ्यांस पिवळा दिसतो.

उत्पादन : कारखान्यात ही प्रक्रिया अनेक टप्प्यांत, एकेका घाण्याने चालते. मोठ्या टाक्यांत ढवळणी चालू ठेवून युग्मन पूर्ण करतात. डायाझो लवण शिल्लक आहे की नाही हे पाहण्यासाठी टाकीतील थेंब गाळणकागदावर टाकून त्याच्या कडेला युग्मनघटकाचा विद्राव लावतात. कडेला रंग उमटल्यास विक्रिया अपुरी आहे असे समजतात. यानंतर टाकीत वाफ सोडून मिश्रण तापवितात. यामुळे कण योग्य आकाराचे होतात, तसेच रंगाची तीव्रता व प्रवाहिता सुधारते. मग फिल्टर प्रेसमध्ये गाळून, लवणे निघून जाईपर्यंत पाण्याने धुऊन, मिळालेला लगदा ट्रे ड्रायरमध्ये वाळवितात व दळून पिंपांत वा पिशव्यांत भरतात. अनुभवी कामगार लगद्याच्या छटेवरूनच घाणा साधला की बिघडला हे ओळखतो. तथापि अंतिम निर्णय प्रमाण नमुन्याशी तुलना करून घेतला जातो.

रासायनिक समीकरणावरून हिशेब केल्यास १०० किग्रॅ. हॅन्सा यलो जी साठी सु. ४५ किग्रॅ. अमाइन, ५२ किग्रॅ. ॲसिटोॲसिटॅनिलाइड, २० किग्रॅ. सोडियम नायट्राइट व किमान २१ किग्रॅ. हायड्रोजन क्लोराइड लागते. रंगद्रव्याबरोबरच अम्ल व क्षार यांच्या उदासिनीकरणातून किमान ३४ किग्रॅ. मीठ तयार होते आणि ते धुण्याच्या पाण्यातून बाहेर पडते. यात ॲसिटिक अम्लाची लवणे, विक्रिया न झालेले घटक व लगद्यातून निसटलेले रंगाचे कण यांची भर पडते. रंगद्रव्याचा कारखाना पाण्याजवळ का उभा राहतो व पाण्यापाशीच त्याचा प्रश्न का निर्माण होतो, याचे उत्तर या समीकरणातच आहे.

डायॲरिलाइड पीत रंगद्रव्ये : हॅन्सा रंगद्रव्यांचा रेणू लहान असल्याने ती काही कार्बनी विद्रावकांत थोडी विरघळतात, उष्णता फारशी सहन करीत नाहीत व प्लॅस्टिकातून हळूहळू पृष्ठभागावर येतात. रेणू मोठा केल्यास हे दोष कमी होतात. यासाठी ३,३´-डायक्लोरोबेंझिडीन (व्यवहारात ‘डीसीबी’) या दोन अमाइन गट असलेल्या संयुगाच्या प्रत्येक टोकाला एकेक युग्मनघटक जोडतात. अशा रंगद्रव्यांचे पहिले पेटंट १९११ मधील असले, तरी त्यांचा व्यापारी प्रसार १९३० नंतरच्या दशकात झाला. ॲसिटोॲसिटॅनिलाइडापासून मिळणारे पिगमेंट यलो १२ (रेणुभार सु. ६३०) हे हॅन्सा यलो जी च्या जवळजवळ दुप्पट रंगशक्तीचे आहे. चौरंगी छपाईतील पिवळी शाई प्रामुख्याने याच गटातील रंगद्रव्यांची असते. वृत्तपत्रातील रंगीत चित्र, दिनदर्शिका, बिस्किटाच्या पुड्याचे वेष्टन या सर्वांत ती आढळते. पिगमेंट यलो १३, १४ व ८३ ही याच कुळातील इतर रंगद्रव्ये असून त्यांत युग्मनघटक निरनिराळे असतात. प्रकाशात टिकण्याच्या बाबतीत मात्र यलो १२ हे हॅन्सा रंगद्रव्यांपेक्षा कमी प्रतीचे आहे. म्हणून पाण्यातील रंगलेपांसाठी हॅन्सा वर्गातील पिगमेंट यलो ७४ सारखी नंतरची रंगद्रव्येच पसंत केली जातात.

भारतातील विकास : विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात संश्लेषित रंग जवळजवळ पूर्णपणे परदेशांतून व विशेषतः जर्मनीतून येत. पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) ही आयात थांबताच गिरण्यांना रंगांची तीव्र टंचाई जाणवली व भाव भडकले. या अनुभवातून देशी रसायनशिक्षणाची निकड पुढे आली. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रविद्या विभागाची स्थापना १९३३ मध्ये झाली. त्याचे पहिले भारतीय संचालक के. वेंकटरामन (संचालकपदाचा काळ १९३८–५७) यांनी तेथे रंजकद्रव्यांच्या संशोधनाची परंपरा निर्माण केली. संश्लेषित रंजकांच्या रसायनशास्त्रावरील त्यांच्या बृहद्ग्रंथाचे पहिले दोन खंड १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले व जगभर प्रमाण मानले गेले. पुढे ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. या विभागातून बाहेर पडलेल्या अनेक विद्यार्थ्यांनी पुढे रंगाचे कारखाने काढले वा चालविले.

स्वातंत्र्यानंतर आयातीवरील निर्बंधांमुळे देशी उत्पादनाला संरक्षण मिळाले. पुण्यात १९५१ मध्ये सुदर्शन केमिकल इंडस्ट्रीज ही रंगद्रव्ये तयार करणारी कंपनी स्थापन झाली. तिचे मोठे कारखाने पुढे रायगड जिल्ह्यात रोहे व महाड येथे उभे राहिले. बायर व होख्स्ट या जर्मन कंपन्यांच्या सहभागाने १९५६ मध्ये कलर-केम ही कंपनी स्थापन झाली व तिने ठाण्यास रंगद्रव्यांचे उत्पादन सुरू केले. अशा रीतीने हॅन्सा रंगद्रव्याची जन्मदात्री कंपनी ठाणे जिल्ह्यात येऊन पोहोचली. रंगलेपांच्या कारखान्यांकडून, छापखान्यांकडून व कॅम्लिनसारख्या (स्थापना १९३१) शाई व चित्रकला साहित्याच्या मराठी उद्योगांकडून येणारी मागणी या वाढीस पोषक ठरली.

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर : कल्याणच्या आग्नेयीस उल्हास नदीच्या खोऱ्यात ही तीन नगरे एकामागून एक वसलेली आहेत. रासायनिक उद्योग येथे येण्यास तीन कारणे घडली. पहिले लोहमार्ग : मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८५४ मध्ये कल्याणास व त्यानंतर दोन वर्षांनी या खोऱ्यातून घाटाच्या पायथ्यापर्यंत पोहोचला. दुसरे पाणी : भिवपुरी येथील जलविद्युत् केंद्रातून सुटणाऱ्या पाण्यामुळे उल्हास नदीस उन्हाळ्यातही प्रवाह असतो. तिसरे जागा व मनुष्यबळ : मुंबई बेटावर जमीन दुर्मिळ व महाग होत असताना येथे ती उपलब्ध होती.

अंबरनाथ येथे रासायनिक उद्योगाचा पाया विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांतच घातला गेला. धरमसी मोरारजी केमिकल कंपनीने (स्थापना १९१९) तेथे गंधकाम्ल व सुपरफॉस्फेट खत यांचे उत्पादन केले. आगपेट्यांचा विमको कारखानाही याच काळात सुरू झाला. गंधकाम्ल हे रंगउद्योगाचे मूलभूत रसायन होय. ते जेथे सहज मिळते, तेथे नायट्रोकरण, सल्फोनेशन अशा प्रक्रिया करणारे कारखाने जमू लागतात. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांची वसाहत ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर या नावाने प्रस्थापित झाली. या वसाहतीतील उद्यमी रहिवाशांनी घरालगतच्या जागेत असंख्य लघुउद्योग सुरू केले. कल्याण परिसरात इंडियन डायस्टफ इंडस्ट्रीज व अमर डाय-केम यांसारखे रंजकांचे मोठे कारखानेही उभे राहिले होते. ते काळाच्या ओघात बंद पडले.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली व त्यानंतर अंबरनाथ आणि बदलापूर येथे औद्योगिक क्षेत्रे आखली गेली. बदलापूरजवळील बारवी नदीवर महामंडळाने बांधलेल्या धरणाचा पहिला टप्पा १९७२ मध्ये पूर्ण झाला व त्यायोगे कारखान्यांना नळाने पाणी मिळू लागले. मोरिवली, चिखलोली, माणकिवली अशा गावांच्या शिवारांत रंजकद्रव्ये, त्यांची मध्यस्थ रसायने, रंगद्रव्ये व औषधिद्रव्ये यांचे लहानमोठे कारखाने आले. ॲझो रंगद्रव्यांचे तंत्र लघुउद्योगास अनुकूल होते : उच्च दाब वा उच्च तापमान यांची गरज नसते, लाकडी किंवा रबराचे अस्तर दिलेल्या टाक्या, बर्फ, वाफेचा बंब, फिल्टर प्रेस व एक जाणता रसायनज्ञ एवढ्या साधनांवर कारखाना चालू शकतो. लघुउद्योगांना मिळणाऱ्या उत्पादनशुल्कातील सवलतींमुळेही लहान कारखाने टिकून राहिले. मात्र सांडपाणी शुद्ध करण्याची यंत्रणा अशा लहान कारखान्यास एकट्याने परवडत नसे. तंत्राच्या ज्या साधेपणामुळे रोजगार निर्माण झाला, त्याच साधेपणामुळे प्रदूषणही विखुरले गेले व त्यावर देखरेख ठेवणे अवघड झाले. पुढे गुजरातमधील वटवा, अंकलेश्वर व वापी येथे या उद्योगाचे मोठे केंद्रीकरण झाले आणि ठाणे जिल्ह्याचा वाटा घटला.

नदी व आरोग्य : अंबरनाथच्या दक्षिणेकडील डोंगरात उगम पावणारी वालधुनी ही लहान नदी शिलाहारकालीन शिवमंदिराजवळून (शके ९८२, इ. स. १०६०) वाहत जाऊन उल्हासनगर व कल्याणमार्गे उल्हासच्या खाडीस मिळते. हजार वर्षे देवालयाच्या शेजारून वाहणारा हा प्रवाह औद्योगिकीकरणानंतर काही दशकांत घरगुती मैला व कारखान्यांचे सांडपाणी वाहून नेणारा नाला बनला. त्याचे पाणी कारखान्यांतून सुटणाऱ्या सांडपाण्याप्रमाणे निरनिराळ्या रंगांचे दिसत असे. रंगद्रव्याचे कण विरघळत नसल्याने ते गाळात साठतात. मीठ व कार्बनी पदार्थ मात्र विरघळून पुढे जातात व पाण्यातील प्राणवायू कमी करतात.

महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९६९ मध्ये केला व १९७० मध्ये त्यासाठी मंडळ नेमले. केंद्राचा कायदा १९७४ मध्ये आला. पुढे अंबरनाथ व बदलापूर औद्योगिक क्षेत्रांत सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे उभारण्यात आली. तरीही स्थिती समाधानकारक झाली नाही. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस टँकरमधून वालधुनीत सोडलेल्या रासायनिक कचऱ्यातून निघालेल्या वायूमुळे उल्हासनगरातील शेकडो रहिवाशांना श्वसनाचा त्रास होऊन रुग्णालयात न्यावे लागले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये उल्हास व वालधुनी यांच्या प्रदूषणाबद्दल प्रक्रिया केंद्रे तसेच स्थानिक स्वराज्य संस्था या दोहोंवर नुकसानभरपाईची जबाबदारी टाकली. नदी केवळ कारखान्यांमुळे दूषित झालेली नसून नगरांच्या प्रक्रिया न केलेल्या मैलापाण्याचाही त्यात मोठा वाटा आहे, हे या निर्णयाने अधोरेखित झाले.

रंगद्रव्यांच्या विषारीपणाचा विचार तयार मालापुरता व त्याच्या घटकांपुरता वेगवेगळा करावा लागतो. हॅन्सा व डायॲरिलाइड रंगद्रव्ये जवळजवळ अविद्राव्य असल्याने शरीरात फारशी शोषली जात नाहीत. परंतु त्यांच्या घटकांपैकी डायक्लोरोबेंझिडीन हे मानवात कर्करोग उत्पन्न करण्याचा संभव असलेले संयुग मानले जाते. ते हाताळणाऱ्या कामगारास बंदिस्त यंत्रणा व संरक्षक पोशाख यांची आवश्यकता असते. डायॲरिलाइड रंगद्रव्ये २००° से. पेक्षा अधिक तापणाऱ्या प्लॅस्टिकात वापरल्यास त्यांचे विघटन होऊन हे अमाइन सुटे होऊ शकते, असे १९९० च्या सुमारास निदर्शनास आले व त्यांच्या वापरावर तापमानाची मर्यादा घालण्यात आली. तसेच त्यांच्या उत्पादनात अल्प प्रमाणात एक क्लोरिनयुक्त बायफिनिल संयुग तयार होते. अमेरिकेतील शहरांच्या हवेत व पाण्यात आढळलेल्या या संयुगाचा माग छपाईच्या पिवळ्या शाईपर्यंत काढण्यात आला आहे.

असे असूनही तुलनेने ॲझो पीत रंगद्रव्ये क्रोम पीतापेक्षा पुष्कळच निर्धोक आहेत. शिशामुळे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस कायमची हानी पोहोचते व भिंतीवरून सुटणारी रंगाची पापुद्री हे त्याचे एक प्रमुख साधन आहे. भारत सरकारने २०१६ मध्ये केलेल्या नियमांनुसार घरगुती व सजावटीच्या रंगलेपांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, असे ठरविण्यात आले व नोव्हेंबर २०१७ पासून ते अंमलात आले. यूरोपीय संघातही २०१५ पासून विशेष परवानगीशिवाय लेड क्रोमेट रंगद्रव्यांचा वापर करता येत नाही. क्रोम पीताचा धोका केवळ भिंतीपुरता मर्यादित नाही. बांगला देशात हळकुंडांना चकाकी आणण्यासाठी लेड क्रोमेट चोळले जात असल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. हळद जेथे देवाला वाहिली जाते व रोजच्या आमटीतही पडते, अशा समाजाने या निष्कर्षाची विशेष दखल घेणे आवश्यक आहे. ॲझो रंगद्रव्येही केवळ औद्योगिक वापरासाठी असून खाद्यपदार्थांत त्यांचा उपयोग करणे बेकायदेशीर आहे.

सद्यःस्थिती : शिसेयुक्त रंगद्रव्ये मागे पडत असल्याने कार्बनी पीत रंगद्रव्यांचे महत्त्व वाढले आहे. आच्छादनक्षमतेतील उणीव भरून काढण्यासाठी ती टिटॅनियम डाय-ऑक्साइड किंवा बिस्मथ व्हॅनेडेट यांच्या जोडीने वापरतात. भारत हा या रंगद्रव्यांचा जगातील प्रमुख उत्पादक व निर्यातदार देश झाला आहे. उद्योगाच्या मालकीतही मोठे परिवर्तन घडले. होख्स्टचा रंगद्रव्य विभाग १९९७ मध्ये क्लॅरियंट या स्विस कंपनीकडे व २०२२ मध्ये ह्यूबाख या जर्मन समूहाकडे गेला. कलर-केमही याच मार्गाने नावे बदलत गेली. ह्यूबाख समूह २०२४ मध्ये दिवाळखोरीत निघाल्यावर पुण्याच्या सुदर्शन केमिकल इंडस्ट्रीजने त्याचा जागतिक व्यवसाय विकत घेतला व मार्च २०२५ मध्ये हा व्यवहार पूर्ण झाला. ज्या रंगद्रव्यासाठी महाराष्ट्राला एके काळी जर्मन आगबोटींची वाट पाहावी लागे, त्याच्या मूळ उत्पादक विभागाचा वारसा अशा प्रकारे महाराष्ट्रातील कंपनीकडे आला.

या रंगद्रव्याचे तंत्र भारतीयांनी पूर्णपणे आत्मसात केले आहे. त्याच्या उत्पादनात अपरिहार्यपणे तयार होणाऱ्या मिठाची व सांडपाण्याची विल्हेवाट हा मात्र अद्याप अपुरा राहिलेला भाग होय. बाष्पीभवनाने मीठ वेगळे करून पाण्याचा पुनर्वापर करण्याच्या पद्धती उपलब्ध आहेत. त्यांचा खर्च रंगद्रव्याच्या किंमतीत धरला जातो की नदीवर टाकला जातो, यावर उल्हास व वालधुनी यांच्या खोऱ्याचे भवितव्य पुष्कळ अंशी अवलंबून आहे.